मास्तरांना घेऊन दौंडला

शिरूरहून दौंडला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. दोन तासांची वाट. सकाळी निघालेला माणूस काम उरकून दिवेलागणीला घरी. पण परवाच्या रविवारी मी जे दौंड करून आले, ते मला काशीपेक्षा लांब पडलं. अंगणवाडीत पोरांना सोडायला येणाऱ्या बाया विचारतात, "ताई, काय काय बघितलं दौंडला?" काय सांगू, कप्पाळ! सगळा दिवस मी एकाच माणसाचं तोंड बघत होते.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. कंपनीत फिटर आहेत, पण सुट्टीच्या दिवशी वॉर्डातल्या पोरांना फुटबॉल शिकवतात म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, आणि लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मीही तेच म्हणते. सव्वा महिन्यापूर्वी मास्तरांना ड्यूटीवरच हार्ट अटॅक आला. पुण्याला नेलं, अँजिओप्लास्टी केली. आमच्या भाषेत, काळजात स्प्रिंग घातली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन-तीन महिने दगदग नको, तेलकट-खारट नको, टेन्शन तर अजिबात नको. फार आनंदही नको."

आणि नेमकी यंदाच आमची टीम तालुक्याच्या लीगमध्ये पहिली आली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिरूर तालुक्याची लीग वेगळी, दौंड तालुक्याची वेगळी. मधे भीमा. दोन्हीकडचे पहिले नंबर वर्षातून एकदा समोरासमोर येतात, एका वर्षी आमच्या काठाला, एका वर्षी त्यांच्या. जिंकेल त्याला लाकडी ढाल. मास्तरांची पोरं आजवर तीनदा या मॅचला गेली आणि तीनदा हात हलवत परत आली. यंदा पाळी दौंडची होती.

"मी जाणार," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गेलात तर मीबी येणार."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?"

"मला तुमच्यातलं कळतंय. तेवढं बास."

निघताना

अटॅकची गोष्ट टीमला ठाऊक नव्हती. मास्तरांनी मला बजावून ठेवलं होतं. "पोरांना कळलं तर बॉल सोडून माझ्याकडं बघत बसतील. अजिबात बोलायचं न्हाई." मग सुट्टी कशाची, दवाखाना कशाचा, हे विचारणाऱ्या पोरांना या शहाण्या माणसानं काय सांगावं? मूळव्याधीचं ऑपरेशन! म्हणजे लाज गेली तरी चालेल, पण काळीज कमजोर आहे हे कळायला नको. पुरुषांचं हे गणित मला काही या जन्मात सुटायचं नाही.

त्यामुळे रविवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर दारात आली तेव्हा पुढच्या सीटवर मधे भोक असलेली रबरी गादी मांडून ठेवली होती. हवा भरायची असते ना, तसली. पोरांनी खास मेडिकलमधून आणलेली. कॅप्टन अक्षय म्हणाला, "मास्तर, निवांत बसा. ड्रायव्हरला सांगितलंय, खड्डे चुकवत घे." मास्तर मुकाट्यानं त्या गादीवर बसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. हसू दाबून माझ्या बरगड्या दुखल्या. सबंध दिवसात मी तेवढंच हसले असेन.

ड्रायव्हर म्हणत होता, काष्टीवरून जाऊ, जवळ पडतं. मी म्हटलं, नाही, न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघायचं, मग हायवेनं पाटस आणि तिथून दौंड. "काकी, लांबचा वळसा हाय त्यो," पोरं म्हणाली. असू दे. त्या वाटेवर कुठं कुठं मोठा दवाखाना आहे हे मी आदल्या दिवशी आमच्या नर्सबाईंना विचारून घेतलं होतं. जिभेखाली ठेवायची गोळी ब्लाऊजमधल्या पाकिटात होती, आणि हात दर पाच मिनिटांनी आपोआप तिकडं जात होता.

पारगावचा पूल

न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि वर इतक्या मोठ्यानं गाणी की ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू यायची सोय नाही. मास्तर मागं वळून पोरांना समजावत होते: दौंडची टीम कशी खेळते, त्यांची निम्मी पोरं कुरकुंभच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करणारी, पायात दम मोठा, सुरुवातीला त्यांच्यामागं पळू नका. बोलता बोलता आवाज चढला. मी मागून खांद्यावर हात ठेवला. आवाज उतरला. पुन्हा चढला. असं न्हावरं ते पारगाव चाललं होतं.

भीमेच्या पुलाअलीकडं टायर बसला. सगळे खाली उतरले. पाणी संथ, काठानं ऊस हिरवागार, पलीकडं दौंड तालुका. गोलकीपर मंगल झारखंडचा. आमच्याकडच्या दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. त्यानं विचारलं, "काकी, ये नदी के उस पार दुश्मन?" मी म्हटलं, "दुश्मन कसला बाबा, उस पार मेरी मावसबहीण रहती है." माझं हिंदी ऐकून पोरं खिदळली.

तेवढ्यात वळून बघते तर मास्तर जॅकचा दांडा हातात घेऊन वाकलेले! फिटर माणूस, चाक निघालेलं बघून हात कुठले थांबतायत. धावत जाऊन ओरडले, "अहो, वाकू नका! टाके उसवतील!"

पोरांनी माना खाली घातल्या. कुणी नदीकडं बघू लागलं, कुणी चपलेकडं. अक्षयनं हळूच मास्तरांच्या हातातून दांडा काढून घेतला. मास्तरांचे कान लालबुंद. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "टाके? लोकांत असं वरडतात व्हय?"

"मग काय वरडू? खरं वरडू का?"

वळून नदीकडं निघाले.

पूल ओलांडला आणि मला उगाच वाटलं की आता आपलं माणूस परक्या मुलखात आणलं. खुळेपणा, दुसरं काय. पण पलीकडं गेल्यावर मुलूख थोडा बदलतो हे खरं. केडगावच्या अलीकडं जागोजाग गुऱ्हाळं. काहिलीतला गूळ दरवळत होता. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. गुऱ्हाळवाल्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर गरम गुळाचा गोळा ठेवला. शिरूरचे म्हटल्यावर हसून म्हणाल्या, "मग खाऊन घ्या गोड. परत जाताना तोंड कडू व्हणार हाय." बघा, गुऱ्हाळातल्या बाईलासुद्धा मॅच ठाऊक! मास्तर यावर खो खो हसले आणि हसता हसता छातीवर हात ठेवला. मी पाकीट उघडलंसुद्धा. गुळाचा धागा शर्टावर सांडला होता, तो पुसत होते.

आप्पांच्या घरी

आमच्याकडं पाहुणी टीम आली की स्टँडजवळ मिसळ, वर चहा, की चला ग्राउंडवर. दौंडची रीत निराळी. तिथं पाहुण्यांना हॉटेलात जेवू घालणं कमीपणाचं. त्यांचा एकेक खेळाडू आपल्या जोडीच्या एकेकाला घरी जेवायला नेतो: गोलकीपर गोलकीपरला, कॅप्टन कॅप्टनला. आणि कोच कोचला. ही रीत मला आधी कुणी सांगितली असती तर मी डबाच बांधून आणला असता.

दौंडचे कोच म्हणजे आप्पा. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. "जय भीम, मास्तर! किती वाळलाय तुम्ही?" म्हणत त्यांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली. मी डोळे मिटले.

घर रेल्वे लाइनीपासून जवळ. गाडी गेली की कपाटातले कप वाजायचे आणि घरातलं कुणीही न दचकता घड्याळाकडं बघून गाडी किती लेट आहे ते सांगायचं. आप्पांच्या पत्नी निर्मलाताई मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गॅसवर भलं मोठं पातेलं, मटण रटरटत होतं, वर बोटभर लाल तर्री. ज्वारीच्या भाकरी पांढऱ्याशुभ्र. आमच्याकडं बाजरी, तिकडं ज्वारी. एरवी मी भाकरीचं कौतुक करत बसले असते. पण बाहेरच्या खोलीत ताटं मांडली जात होती आणि मास्तरांचा आवाज आला, "वा आप्पा, वास तर जोरात हाय!"

हा माणूस खाणार. माझ्यासमोर नाही, बाहेर, पुरुषांच्या पंगतीत, मला चुकवून खाणार. सव्वा महिना आळणी खाऊन जीव उबगलेला. आणि खरं कारण सांगायची मला बंदी. मी वाटी घेऊन बाहेर गेले आणि तोंडाला येईल ते बोलून बसले: "त्यांना मटण वाढू नका. नवस हाय त्यांचा."

बोलले आणि जीभ चावली. समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यादेखत मी नवस काढला! आप्पांचा घास हातातच राहिला. "मास्तर? तुम्ही आन् नवस? आवं, वॉर्डात घरोघरी जाऊन लोकांची नवसाची कोंबडी-बकरी तुम्हीच बंद केली ना?"

मास्तरांची गत काय सांगू! होय म्हणावं तर जन्मभर शिकवलेलं पाण्यात. नाही म्हणावं तर मटण खावं लागणार, आणि मी तिथंच उभी, डोळे वटारून. शेवटी म्हणाले, "नवस न्हाई, आप्पा. प्रतिज्ञा. ढाल घेईस्तोवर मटणाला शिवणार न्हाई."

प्रतिज्ञा म्हटल्यावर आमच्यात कुणी पुढं विचारत नाही. आप्पांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले. पण कसली सुटते! आगीतून निघून फुफाट्यात. पाच मिनिटांत आप्पांचा फोन वाजला. मग पुन्हा. मग पुन्हा. आप्पांच्या मुलानं ही प्रतिज्ञा टीमच्या ग्रुपवर टाकली होती, तिथून ती आमच्या पोरांना कळली, आणि सगळ्या घरांत आमच्या पोरांनी ताटं पुढं सरकवली: "मास्तरांची प्रतिज्ञा ती आमची."

आप्पा उठून उभे राहिले. चेहरा उतरलेला. "मास्तर, पहाटेपास्नं बाया राबल्यात. पाहुणा भरल्या ताटावरनं उठतो, ह्यो काय प्रकार? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमच्या पोरांना?"

मास्तरही उठले. "आप्पा, तसं न्हाई, ऐका तरी..." कपाळाला घाम. गोळीच्या पाकिटाकडं माझा हात गेला. माझ्या एका थापेपायी दोन तालुक्यांत भांडण पेटतंय आणि त्यात याच माणसाचा जीव जातोय, असं मला ढळढळीत दिसायला लागलं.

वाचवलं निर्मलाताईंनी. पदर खोचून बाहेर आल्या. "बसा खाली दोघंबी. रस्सा काय पळून चाललाय? झाकून ठेवू, मॅच झाल्यावर खातील. सगळ्यांना फोन करा, आत्ता पिठलं टाका म्हणावं." आप्पा मिशीतल्या मिशीत पुटपुटले, पण फोन केले. त्या दुपारी दौंडमध्ये एकाच वेळी किती घरांत पिठलं शिजलं असेल!

आत मी बेसन कालवत होते. निर्मलाताईंनी विचारलं, "वहिनी, तेल किती टाकू?"

"थोडंच."

"मीठ?"

"त्येबी थोडंच."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग मिठाची बरणी बंद करून फळीवर ठेवली. मला एकदम रडू आलं, तर म्हणाल्या, "कांदा लई तिखट हाय आमच्याकडचा."

मैदान

मैदान मातीचं, बाजूला पाण्याची टाकी आणि एक रांग लिंबांची. माणसांची ही गर्दी! कट्ट्यावर, टाकीच्या जिन्यावर, टेम्पोच्या टपावर. त्यांच्याकडं हलगी होती, शिट्ट्या होत्या. आमच्याकडं मी.

मॅचचं मला विचारू नका. पंधराव्या मिनिटाला दौंडनं गोल केला एवढं मला कळलं, कारण मास्तर खुर्चीवरून उठले. मी शर्ट धरून खाली बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, सोडा की त्यास्नी, कोच हायेत ते." मी म्हटलं, "मामा, तुम्ही तुमचं बघा." हाफटाइमला मी पाणी द्यायच्या निमित्तानं मनगट धरलं. नाडी पळत होती. किती पळायला हवी आणि किती पळते, याचा हिशोब मला येत नाही, पण मला ती फारच पळताना वाटली.

"घरी जाऊ," मी म्हटलं.

"हाफटाइमला? डोकं फिरलंय का तुझं?"

दुसऱ्या डावात कॉर्नरवरून अक्षयनं डोक्यानं बॉल आत घातला. एक-एक. मास्तरांनी टाळीसुद्धा वाजवली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, लहान पोर शिक्षा केल्यावर बसतं तसे. तेव्हा मला कळलं, हा माणूस स्वतःला धरून ठेवतोय. मला वाटलं होतं एकटी मीच धरतेय.

वेळ संपली. पेनल्टी. मी कमरेवर हात ठेवले. "बास. गाडीत चला. हे बघायचं न्हाई." वाद घालतील, दोन शब्द सुनावतील म्हणून मी तयारीत होते. मास्तर उठले आणि निमूट माझ्यामागं आले. त्याची मला जास्त धास्ती वाटली.

टेम्पोत त्यांना मैदानाकडं पाठ करून बसवलं. मी दारात उभी राहिले. म्हणाले, "तू सांगत जा." मग मी अंगणवाडीत गोष्ट सांगते त्या आवाजात सांगायला लागले, अगदी हळू, गोड. "आपल्या अक्षयनं मारला. आत गेला. आता त्यांचा उंच पोरगा आलाय. त्याचाबी गेला." असं करत आमचे पाचही आत. त्यांचे चार आत. पाचवा मारायला त्यांचा कॅप्टन आला. समोर मंगल, हात पसरून. मी सांगायची थांबले.

"बोल की," मास्तर पाठमोरे म्हणाले.

पोरानं मारला. मंगल डावीकडं झेपावला. बॉल त्याच्या मुठीला लागून खांबाबाहेर गेला. सबंध मैदान चिडीचूप झालं.

मी काही बोलायच्या आधी मास्तर म्हणाले, "अडवला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दौंड गप झालं की. मघापास्नं सगळं कळतच होतं. तू बोलत होतीस, बरं वाटत होतं म्हणून गप ऐकलं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

जिंकणाऱ्या कोचला खांद्यावर घ्यायचं, वर उडवायचं, गुलालात बुडवायचं, ही तर दोन्ही काठांची रीत. पोरं आरडाओरडा करत टेम्पोकडं धावत आली, मुठी गुलालानं भरलेल्या, मागं हलगी. "मास्तरांना उचला!" मी दारात दोन्ही हात आडवे लावून उभी राहिले.

"हात लावायचा न्हाई!"

"काकी, सरका," अक्षय धापा टाकत म्हणाला. "आम्हाला ठाव हाय त्यांचा त्रास. खालनं न्हाई धरत, काखेतनं उचलतो."

"आरं मूळव्याध न्हाई रे बाबांनो! हार्ट अटॅक आलता त्यास्नी! काळजात स्प्रिंग हाय! उडवाल तर मरंल माझा माणूस!"

हलगी थांबली. पोरांच्या मुठी तशाच वर. गर्दीतून आप्पा पुढं आले. "म्हंजी ती प्रतिज्ञा...?" मी मान हलवली. आप्पांनी डोक्याला हात लावला.

मी मागं बघितलं. मास्तरांचा चेहरा असा झाला होता की भर बाजारात कुणी अंगावरचा सदरा ओढून घ्यावा. मला वाटलं, शालन, अठ्ठावीस वर्षांचा संसार आज मोडलास. पण ते उठले, मला बाजूला केलं आणि खाली उतरले. अक्षयनं कोपर धरायला हात पुढं केला. "मी चालत येतो," मास्तर म्हणाले.

ढाल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, मंडपात. मास्तर निघाले, एकेक पाऊल टाकत. पोरं दोन्ही बाजूंनी त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. गुलाल कुणी उधळला नाही, तसाच मुठीत. हलगीवाल्यानं सवयीनं जोरात टिपरू घातलं, आप्पांनी हात वर केला, "हळू. हळू वाजव." विजयाची अशी मिरवणूक मी कधी पाहिली नव्हती. एक पाऊल, एक थाप. दौंडची पोरं डोळे पुसत बाजूला उभी होती, तीही मागून चालायला लागली.

मैदानाच्या मधोमध मास्तरांना दम लागला. थांबले आणि तिथंच मातीत बसले. आधी अक्षय बसला, मग आमची सगळी पोरं, मग दौंडची, मग गुडघे धरत आप्पा. मंडपातले पाहुणे ढाल घेऊन ताटकळत उभे.

मास्तर मातीवर बोटानं रेघा ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय रे पोरांनो."

आणखी एक रेघ ओढली.

"दवाखान्यातनं आल्यापास्नं. रोज रात्री डोळं मिटायचं भ्या वाटतं. सकाळी उघडतील का न्हाई. मग तसाच पडून राहतो. हिला कळू नये म्हणून घोरल्यासारखं करतो."

मंगलनं विचारलं, "सर क्या बोले?" अक्षयनं त्याच्या कानात सांगितलं. मंगल ग्लोव्ह्ज काढून म्हणाला, "डर तो मेरे को भी लगा सर. आखरी वाले में पैर काँप रहे थे."

मास्तर हसले, आणि मला तर हसावं की रडावं कळेना. मी पुढं झाले, पोरांच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्या शेजारी मातीत बसले. सव्वा महिना मी भिंतीकडं तोंड करून त्यांचं घोरणं ऐकत होते, ते थांबतंय का म्हणून श्वास रोखून मोजत होते, आणि माझी हालचाल कळू नये म्हणून कूससुद्धा बदलत नव्हते.

"मीबी जागीच असते," मी म्हटलं.